लोखंडात पाणी कुठे मुरतं

बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शन नावाचं गाव लागतं. तिथून वालचंदनगरचा रस्ता फुटतो. या पट्ट्यात दर चार-पाच किलोमीटरवर एक तरी मोटर रिवायंडिंगचं दुकान दिसतं. पाटीवर ‘रिवायंडिंग’ असलं तरी बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. मोटर ‘जळते’ आणि मग ती ‘भरायला टाकतात’. उन्हाळ्यात ऊस उभा असताना मोटर जळाली की माणूस मोटरसायकलवर ती आडवी बांधून आणतो आणि दारातूनच विचारतो, “संध्याकाळपर्यंत भरून मिळंल का?”

भरण्याआधी जुनी तार काढावी लागते. पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबलची प्लास्टिक चढवलेली तार हाताने ओढून निघते. पाण्याबाहेर बसणाऱ्या मोनोब्लॉकचं तसं नाही. तिची तार वार्निशने खाचेत घट्ट बसलेली असते. मग एका बाजूची वेटोळी छिन्नीने तोडायची, लोखंडी स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, मोकळ्या जागेत उभा करायचा, जळकं ऑइल आणि चिंध्या घालून पेटवायचा. वार्निश जळून गेलं की तांबं सैल पडतं आणि पकडीत धरून ओढलं की सुटून येतं. सगळं काम अर्ध्या तासाचं. स्टेटर निवला की खाचा घासून साफ करतात, त्यात कागद घालतात, मोजून नवी तार भरतात, वर बांबूच्या कामट्या ठोकतात आणि वार्निश पाजतात. मोटर फिरते, पाणीही ओढते. मात्र महिन्याभराने शेतकरी तक्रार घेऊन येतो, की मोटर पहिल्यासारखी राहिली नाही, अंग लवकर तापतं. तार नवी, बेअरिंग नवं, जोडणी बरोबर. तरी कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरतं ते लोखंडात.

पाणी कुठे मुरतं हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. 1876 ते 78 च्या दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या आणि पुरंदर, बारामती, इंदापूर हे तालुके अवर्षणाचे म्हणूनच ओळखले जात. भोरजवळ भाटघरला धरण बांधून नीरेच्या खोऱ्यात पाणी साठवलं, ते कालव्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास खाली आणलं. आणल्याबरोबर कळलं, की मुखाशी सोडलेलं पाणी आणि टेलच्या चारीला पोचलेलं पाणी यांत मोठी तफावत आहे. काही मातीत झिरपत होतं, काही उन्हात उडत होतं आणि बरंचसं कालव्याच्या काठच्या उसात मुरत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता होते. नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ घालून दिली. जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या ठराविक हिश्श्यातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं घ्यायची आणि तो हिस्सा वर्षावर्षाला फिरवायचा. पाणी जिरतं ते कुठे आणि कोणाच्या वाट्याचं, याचा कागदावर मांडलेला हा पहिला मोठा हिशेब.

दुसरा हिशेब साखरेचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी (1882–1953) यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घेऊन सुरुवात केली. पुढे त्यांच्या हाती आलेल्या मार्सलँड प्राइस या कंपनीने इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर शेती आणि ऊस उभा केला. 1932 मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशभर कारखान्यांचं पेव फुटलं. तिशीच्या आसपास असलेली संख्या पाच-सहा वर्षांत सव्वाशेपलीकडे गेली. कळंबच्या माळावरची चिमणी त्याच लाटेतली. वसाहतीला वालचंदांचंच नाव मिळालं. साखर बनवता बनवता या गावाने साखर कारखान्याची यंत्रं बनवायला घेतली, मग सिमेंटची, बॉयलर, मोठमोठी दंतचक्रं, अणुभट्ट्यांचे भाग आणि शेवटी इस्रोच्या रॉकेटच्या मोटरींची आवरणं. उसाच्या गावाने एवढी उडी मारल्याचं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं सांगता येत नाही.

साखर कारखान्यात एक माणूस असतो, ज्याच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही. तो चीफ केमिस्ट. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच्या प्रयोगशाळेत दिवसरात्र एकच धंदा चालतो, आत आलेल्या साखरेचा माग काढणं. शंभर किलो उसात साधारण 13 किलो साखर येते, पोत्यात 11 च्या आसपास पडते. याला उतारा म्हणतात. मधली दोन किलो कुठे गेली? थोडी बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात राहिली, थोडी प्रेसमडमध्ये गेली, सगळ्यात जास्त मळीत. या तिन्हींचं मोजमाप होतं. बेरीज केली तरी हिशेब तंतोतंत जुळत नाही. उरलेल्या फरकाला ताळेबंदात स्वतंत्र रकाना असतो, ‘अनडिटर्मिन्ड लॉस’. ठावठिकाणा न लागलेली घट. कुठे रस सांडला असेल, कुठे जास्त तापून साखर फुटली असेल, कुठे जंतूंनी खाल्ली असेल. चांगला केमिस्ट ओळखायचा तो याच रकान्यावरून. हा आकडा वाढला की त्याची झोप उडते.

लोखंडाचा ताळेबंद मांडणाऱ्यांनाही असाच एक रकाना ठेवावा लागला. तो भरायला त्यांना जवळजवळ पाऊणशे वर्षं लागली.

तारेच्या वेटोळ्यातून आपल्याकडचा वीजप्रवाह सोडला की आतल्या लोखंडाचं चुंबकत्व सेकंदाला 50 आवर्तनं करतं, म्हणजे 100 वेळा दिशा पालटतं. नांगराचं तास संपलं की बैल वळवावे लागतात. वळताना बैल अडतात, जू करकरतं, वेळ आणि दम खर्च होतो. लोखंडातले सूक्ष्म चुंबकही असेच अडत, रेंगाळत वळतात आणि प्रत्येक वळणाला थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. हे रेंगाळणं फ्रायबुर्गमध्ये एमिल वारबुर्गने 1880 च्या सुमारास मोजलं. त्याच सुमारास टोकियोत शिकवायला गेलेल्या जेम्स आल्फ्रेड यूइंग या स्कॉटिश प्राध्यापकाने ते स्वतंत्रपणे शोधलं.  मागे पडणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस असं नाव दिलं.

नाव मिळालं, पण कारखानदाराला आकडा हवा असतो. तो 1892 मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झने दिला. जर्मनीतून राजकीय धरपकडीच्या भीतीने पळून अमेरिकेत आलेला, पाठीला कुबड असलेला हा तरुण तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या एका छोट्या कारखान्यात नोकरी करत होता. चुंबकत्वाची पातळी वाढवली तर घट तिच्या 1.6 व्या घाताने वाढते, हे त्याने मोजमापांतून काढलं. पातळी दुप्पट, तर घट तिप्पट. त्याआधी यंत्र बनवून चालवून पाहिल्याशिवाय ते किती तापेल हे सांगता येत नसे. आता कागदावर सांगता येऊ लागलं.

ताळेबंदातली दुसरी रक्कम भोवऱ्यांची. चुंबकत्व बदलताना लोखंडाच्या अंगातच वीज फिरू लागते, कालव्याच्या दारापाशी पाणी गरगरतं तशी. ती कुठे जात नाही, काही काम करत नाही, नुसती फिरून तापवते. तिला एडी करंट म्हणतात. घरातल्या इंडक्शन शेगडीवर लोखंडी तवा तापतो तो मुख्यतः याच भोवऱ्यांनी. तव्यात हवी ती गोष्ट मोटरीत नको असते. म्हणून मोटरीचं लोखंड अखंड ओतत नाहीत, पातळ पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून बनवतात आणि प्रत्येक चकतीला वीज अडवणारा पातळ थर देतात. भोवऱ्याला फिरायला रुंद जागाच ठेवायची नाही. पत्र्याची जाडी निम्मी केली तर ही घट चौथाईवर येते. मोटरीचा पत्रा बहुधा अर्धा मिलिमीटर जाडीचा, ट्रान्सफॉर्मरचा त्याच्याही निम्मा.

आता त्या पेटवलेल्या स्टेटरकडे पुन्हा पाहावं. तारेबरोबर चकत्यांमधला तो थरही जळतो. चकत्या एकमेकींना चिकटतात आणि भोवऱ्यांना पुन्हा ऐसपैस मैदान मिळतं. मोटर भरून झाल्यावर अंग तापण्याचं हे एक मोठं कारण. तार ओढताना किंवा खाचा कानसताना दात वाकले तर त्यात भर पडते.

पत्र्याचीही एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ट्रान्सफॉर्मर साध्या मऊ लोखंडाचे होत. त्यांना एक विचित्र रोग होता. नवे असताना ठीक चालत आणि तापत राहिले की काही महिन्यांत त्यांची घट वाढत जाई. लोखंडातला कार्बन आणि नायट्रोजन गरमीत हळूहळू वेगळा होऊन बसत असे. शेफील्डचा पोलादवाला रॉबर्ट हॅडफील्ड आणि डब्लिनचे बॅरेट व ब्राउन यांनी 1900 च्या सुमारास लोखंडात तीन-साडेतीन टक्के सिलिकॉन मिसळून पाहिलं. ते मिसळताच विजेला होणारा विरोध चार-पाच पट वाढला, भोवरे क्षीण झाले, हिस्टेरेसिस उतरलं आणि तो रोगही गेला. बदल्यात पत्रा ठिसूळ झाला. पुढे 1934 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मन गॉस याला एक पेटंट मिळालं. लाकूड रेषेच्या दिशेने सहज फुटतं, आडवं फुटत नाही. लोखंडाच्या स्फटिकालाही चुंबकत्वाची एक सोपी दिशा असते. थंड लाटून आणि योग्य तापमानाला भाजून सगळे स्फटिक त्या एकाच दिशेला झोपवता येतात, हे गॉसने दाखवलं. त्यातून आलेला पत्रा आज ‘सीआरजीओ’ या नावाने ओळखला जातो. डीपीवरच्या, म्हणजे गावात-शेतात वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याचाच.

हा पत्रा बनवणं हे स्वयंपाकातल्या अवघड पक्वान्नासारखं काम आहे. भट्टीचं तापमान थोडं चुकलं की स्फटिक वाटेल तिकडे तोंड करतात. भारतात ते जमवलेला कारखाना बरीच वर्षं एकच होता आणि तोही महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात गोंदे गावी. आधी तो रेमंडचा पोलाद विभाग होता. 2000 च्या सुमारास जर्मन थायसेनक्रुपकडे गेला आणि 2025 मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या भागीदारीने तो घेतला. कापडासाठी घराघरांत माहीत असलेलं रेमंड एकेकाळी ट्रान्सफॉर्मरचं पोलाद लाटत होतं, हे आज सांगितलं तर खोटं वाटतं. देशाची गरज त्या कारखान्याच्या उत्पादनापेक्षा कितीतरी मोठी आहे. उरलेला पत्रा जहाजाने येतो. त्यात मोडीत निघालेल्या ट्रान्सफॉर्मरमधून कापलेला जुना पत्राही शिरत आला आहे. त्याला आळा घालण्यासाठी सरकारला मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा करावा लागला.

इथवर हिशेब सरळ होता. हिस्टेरेसिसची घट मोजा, भोवऱ्यांची घट गणिताने काढा, बेरीज करा. गॉसचा पत्रा हाती आल्यावर मात्र बेरीज चुकू लागली. प्रत्यक्ष मोजलेली उष्णता या बेरजेपेक्षा जास्त भरायची, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. चांगल्या पत्र्यात एकूण घटीचा निम्म्यापर्यंतचा वाटा बेपत्ता असायचा. शास्त्रज्ञांनी त्याला ‘अनॉमलस लॉस’ म्हटलं. केमिस्टच्या ताळेबंदातला तोच शेवटचा रकाना, फक्त कितीतरी पटींनी मोठा.

उलगडा झाला तो लोखंडाच्या आतली वाडी-वस्ती दिसू लागल्यावर. चुंबकाच्या आत लहान लहान प्रदेश असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी असते, हे पिएर वाइसने 1907 मध्ये मांडलं होतं. फ्रान्सिस बिटरने 1931 मध्ये पृष्ठभागावर लोखंडाची अतिबारीक पूड टाकून त्यांच्या सीमारेषा उघड केल्या. जड यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांत याच तत्त्वाची एक तपासणी रोज होते. मोठं दंतचक्र चुंबकीय करायचं आणि त्यावर पूड टाकायची. जिथे भेग असेल तिथे पूड गोळा होऊन रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी केसाएवढी भेगही लपत नाही. तपासणी झाली की आणखी एक काम उरतं, चक्रातलं चुंबकत्व घालवायचं. नाहीतर जन्मभर त्याला लोखंडाचा कीस चिकटत राहील. त्यासाठी उलटसुलट प्रवाह देत तो हळूहळू कमी करत नेतात. चुंबकत्व प्रत्येक फेरीला थोडं लहान होत शेवटी शून्यावर येतं. यूइंगचं हिस्टेरेसिस इथे कामाला जुंपलेलं असतं.

चुंबकातले हे लहान प्रदेश पालटतात ते सगळे एकदम नाही. एक प्रदेश वाढतो, शेजारचा आक्रसतो आणि मधली भिंत सरकते. विल्यम्स, शॉकली आणि किटल या अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या तिघांनी 1950 मध्ये सिलिकॉन-लोखंडाच्या एका स्फटिकात अशी एकच भिंत सरकताना मोजली. तिला मागे ओढणारे भोवरेच आहेत, हे त्यांनी दाखवलं. प्राय आणि बीन यांनी 1958 मध्ये त्याचं गणित पक्कं केलं. जुन्या गणितात धरलं होतं की सगळा पत्रा सारखाच बदलतो आणि भोवरे सगळीकडे सारखे पसरतात. प्रत्यक्षात बदल भिंतींपाशीच होतो, म्हणून भोवरे तिथेच एकवटतात आणि जास्त तापवतात. भिंती विरळ असतील तर थोड्याच भिंतींना जोरात पळावं लागतं. गॉसच्या चांगल्या पत्र्यात प्रदेश मोठे, भिंती कमी आणि पळापळ जास्त. म्हणजे पत्रा सुधारण्याच्या नादात हा रकाना आपणच फुगवला होता. उपाय ऐकून गंमत वाटते. तयार पत्र्यावर लेझरने बारीक आडव्या रेघा ओढायच्या. भिंती वाढतात, प्रत्येकीला हळू चालून भागतं आणि घट उतरते.

भिंतीच्या पलीकडे अजून एक तळ आहे. भोवरे काढून टाकले, पत्रा धुळीएवढा पातळ केला, तरी चुंबकत्व हलताना ऊर्जा गमावतंच. अणूचं चुंबकत्व क्षेत्रात सरळ वळत नाही. ते भोवऱ्यासारखं डोलत, गोल फिरत वळतं. मराठीत पाण्यातल्या आणि खेळातल्या दोन्हींना भोवराच म्हणतात. इथे तो जाळी गुंडाळून फिरवण्याचा. डोलणारा भोवरा जसा हळूहळू शांत होतो, तसं हे डोलणंही शांत होतं. लांडाऊ आणि लिफशिट्झ यांनी 1935 मध्ये त्याचं समीकरण दिलं. शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनमध्ये काम करणाऱ्या थॉमस गिल्बर्टने पर्मलॉय नावाच्या चुंबकीय मिश्रधातूच्या पातळ पत्र्यांवरची मोजमापं पाहिली. तिथे शांत होण्याचा वेग इतका जास्त होता, की जुनं समीकरण तोकडं पडलं. त्याने 1955 मध्ये नवं मांडलं. त्याचा नुसता सारांश तेव्हा छापला गेला. संपूर्ण निबंध नियतकालिकात यायला 2004 उजाडलं. तोवर जगभरचे लोक पन्नास वर्षं, हे डोलणं किती लवकर शांत होतं ते सांगणारा त्याच्या नावाचा स्थिरांक वापरत होते.

हा स्थिरांक धातूत मोठा का असतो, याचा धागा चेक शास्त्रज्ञ कॅम्बरस्की याने 1970 मध्ये पकडला. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन हिंडत असतात. चुंबकत्व डोललं की ते त्याची ऊर्जा उचलतात, इकडेतिकडे आदळतात आणि ती उष्णतेत विरून जाते. वीज न वाहणाऱ्या काही चुंबकीय पदार्थांत असे भुरटे हिंडत नसतात. तिथे डोलणं शंभर पट किंवा त्याहूनही जास्त वेळ टिकतं. संगणकाच्या नव्या चुंबकीय स्मृतींसाठी या आकड्याचा आज फार विचार होतो. शेतातल्या मोटरीत त्याचा वाटा नगण्य आहे. पण धातूचा चुंबक हलला की आतून पाणी मुरणारच, हे कॅम्बरस्कीच्या कामाने पक्कं केलं.

आता डीपीकडे यावं. जुन्या भारतीय मानकाप्रमाणे 100 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात 260 वॅट घटीला मुभा होती. खाली एकही मोटर चालू नसताना, मध्यरात्री, पावसाळ्यात, लग्नाच्या मुहूर्तावर, 260 वॅट. वर्षाला सुमारे 2,278 युनिट. डीपी गुणगुणते तो आवाज त्याच पालटापालटीचा. चुंबकत्व पालटताना लोखंड किंचित लांब-आखूड होतं आणि सेकंदाला 100 वेळा थरथरतं. काचेसारख्या, स्फटिकच नसलेल्या अमॉर्फस धातूच्या पातळ फितीचा गाभा वापरला तर ही घट तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. असे ट्रान्सफॉर्मर अमेरिकेत 1980 च्या दशकापासून बसत आहेत. पहिली किंमत जास्त म्हणून आपल्याकडे ते सावकाश आले.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूरच्या भीमाकाठाला मोटरींची रांगच लागली. उन्हाळ्यात जलाशय आटत जातो तशा मोटरी चिखलातून पुढे सरकवाव्या लागतात, पाइप जोडत न्यावे लागतात. त्याआधी मोट जाऊन ऑइल इंजिनं आली होती. त्यांतली काही सातारा रोडच्या कूपर कारखान्याची. तो कारखानाही पुढे वालचंद समूहाकडे आला. मग इंजिनंही गेली आणि वीज आली. एवढ्या साऱ्या मोटरींतल्या लोखंडाचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तो कोणाच्या बिलात दिसत नाही. शेतीपंपाचं बिल वर्षानुवर्षं अश्वशक्तीवर लागत आलं आणि 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं तर सरकारच भरतं. जळालेल्या पत्र्यात मुरलेली वीज शेतकऱ्याला पैशात कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की टोकाच्या मोटरीला दाब कमी मिळतो, पाणी कमी पडतं आणि मोटर पुन्हा जळते. मोटर भरायची मजुरी मात्र रोख जाते.

यातली एक गोष्ट तरी दुकानाच्या दारातच सांगता येते. स्टेटर उघड्यावर पेटवू नका, तापमान धरता येणाऱ्या भट्टीत साधारण 370 अंश सेल्सिअसच्या आत भाजून वार्निश जाळून टाका आणि मगच तार ओढा. पुढच्या वेळी मोटर भरायला टाकाल तेव्हा तारेचा गेज विचारता तसंच हेही विचारा.